मदतमाश जमीन आणि बदमाश पोरगं: दोन्हींतला 'माश' एकच का?

दुधनाकाठ (मूळ सेलू, सध्या पुणे)

नमस्कार मंडळी. दिवाळीत घरी गेले होते. काका आणि बाबा सातबारा पुढ्यात घेऊन बसले होते, वाटणीचं चाललं होतं. 'इतर हक्क'च्या रकान्यात 'मदतमाश इनाम' आणि वर 'भोगवटादार वर्ग २'. माझा चुलतभाऊ तिथंच चहा पीत होता. तो म्हणाला, "जमीन मदतमाश अन् मालक बदमाश!" सगळे हसले, आजोबा सोडून. त्यांनी उठून चप्पल घातली आणि सरळ शेताकडं निघून गेले.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. ह्या दोन शब्दांतला 'माश' खरंच एक आहे, की नुसतं यमक जुळलं? आजी दिवसातून दहा वेळा नातवाला "बदमाश कुठला, हिकडं ये" म्हणते आणि त्याला जवळ ओढून गुळाचा खडा देते. तोच शब्द आजोबांना एवढा का लागला? बरं, माझी रूममेट कोल्हापूरची. ती 'बदमाष' लिहिते, पोटफोड्या ष काढून, आणि शब्द संस्कृत आहे म्हणून भांडते. बंडखोर, कुणाचं न ऐकणाऱ्या पोरांना हा शब्द कसा काय चिकटला, हे कुणी नीट सांगेल का? गूगलवरचं नको, माहीत असलेल्यानं सांगा.

लातूरचा_गडी

सोप्पं आहे की. इंग्रजीतला बॅड म्हणजे वाईट, आणि मॅश म्हणजे कुस्करणे. बॅड मॅश = वाईट कुस्करलेला. आमच्या मेसमधली वांग्याची भाजी. बसा आता.

जुनं_दप्तर (परभणी)

लातूरकर, तुमची मेस बदला. फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड' दिसायला सख्खे भाऊ, पण नातं काही नाही. नुसता योगायोग आहे. पुष्कळ शिकलेली माणसंही ह्यात फसतात.

ताई, तुमच्या भावाचा नेम बरोबर बसला, त्याला ठाऊक नसताना. माश एकच आहे.

मी महसूल खात्यात होतो. बरीचशी नोकरी अभिलेख कक्षात गेली. निजामाच्या वेळच्या मिसली, म्हणजे फायली, लाल खारव्यात बांधून मांडणीवर, कागद उर्दू, त्याआधीचे फारसी. माझे वडील हायस्कुलात उर्दूतून शिकलेले, कारण निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतच होतं. संध्याकाळी हरिपाठ आणि हिशेबाची वही उर्दूत, असं आमचं घर. त्यामुळं लिपी मला घरातच मिळाली, आणि साहेब लोकांनी मला त्या खोलीत जो डांबला तो निवृत्तीपर्यंत.

तर शब्द आहे 'मआश'. मीम, ऐन, अलिफ, शीन. मधला ऐन घशातून काढायचा असतो. आपल्या जिभेनं तो गिळला आणि 'माश' राहिलं. अरबीत 'ऐश' म्हणजे जगणं. त्याच धातूतून मआश: जगायचं साधन, पोटापाणी. आपण "ऐश करायलाय लेका" म्हणतो, तो ऐशही हाच. मुळात नुसतं जगणं होतं, आपल्याकडं येईपर्यंत त्याला गादी-तक्के लागले. इजिप्तमध्ये तर ऐश म्हणजे रोजची भाकर. आणि तुर्कस्तानात आजही पगाराला मआशच म्हणतात.

मोगलांच्या राज्यात विद्वान, फकीर, निराधार बायका, देवाधर्माची माणसं ह्यांना जगायला म्हणून जमिनी तोडून द्यायचे. ती मदद-ए-मआश, म्हणजे पोटाला मदत. निजामानं तीच रीत चालू ठेवली. त्यातलीच दुसरी खिदमतमाश: मशीद, दर्गा, देऊळ ह्यांची सेवा करायची आणि त्याबदल्यात जमीन खायची. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानं ह्यातली बरीच इनामं गेली, जमिनी कसणाऱ्याच्या नावावर चढल्या, पण विकायला परवानगीची अट लागली. तुमच्या सातबाऱ्यावरचा 'वर्ग २' त्यातलाच. खिदमतमाशचं प्रकरण आणखी किचकट, ते इथं नको.

आता बदमाश. बद + मआश. ज्याचं पोट वाईट मार्गानं भरतं तो. ताई, हे नीट बघा. हा शब्द स्वभावावरून पडलेलाच नाही, उत्पन्नावरून पडला आहे. सरकारला तुमच्या स्वभावाचं काय लोणचं घालायचंय? त्याला एकच कळतं, हा माणूस खातो कुठून. ज्याला सरकारनं पोटाला दिलं तो मदतमाश. आणि ज्याच्या पोटाचा पत्ता दप्तरात लागत नाही, तो बदमाश. एकाच कचेरीत, एकाच शाईनं लिहिलेले हे दोन शब्द आहेत. आजोबांना का लागलं ते मी सांगू शकत नाही, पण त्या पिढीला हा शब्द चावडीवर ऐकायची सवय होती, अंगणात नाही.

बंडखोर कसा झाला? शब्द दप्तरातला असल्यामुळं दप्तर ज्याच्या हातात त्यानं तो वापरला. १८५७ ला इंग्रजांच्या पत्रांत, वर्तमानपत्रांत हा शब्द जिथं तिथं सापडतो, 'बडमाश' असा. पलटणीतून फुटलेल्या शिपायाला ते एक नाव द्यायचे आणि त्याच्याबरोबर रस्त्यावर आलेल्या बाजारातल्या माणसाला हे. म्हणजे विणकर, खाटीक, बेकार पोरगं, सगळे एका शब्दात गोळा. आपल्याकडं औरंगाबादेत त्याच वर्षी जूनमध्ये हैदराबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या खर्चानं पोसलेल्या इंग्रजांच्या हाताखालच्या फौजेचं, घोडदळ उठलं होतं. त्यातल्या लोकांना जिथं मारलं तो काळा चबुतरा, आताच्या क्रांती चौकातला. चौकाचं नाव बघा आणि त्या वेळी त्या माणसांना काय म्हणत असतील ते बघा. पुढं १८८६ साली इंग्रजांनी हिंदुस्थानी शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश काढला, त्यात हा शब्द आहे आणि फोडही हीच दिलीय, वाईट अधिक उपजीविका. म्हणजे त्यांनाही अर्थ पक्का ठाऊक होता.

उमरीचं उदाहरण आमच्या जवळचं. जानेवारी १९४८ मध्ये मुक्तिसंग्रामातल्या पोरांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली, लढ्याला पैसा पाहिजे म्हणून. निजामाच्या पोलिसांच्या लेखी ते दरोडेखोरच. पुढं सरकार बदललं आणि त्या लढ्यातल्या माणसांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन लागली. पेन्शनला अरबीत काय म्हणतात माहितीय? मआश.

ष चं म्हणाल तर तुमच्या मैत्रिणीला रागवू नका. मराठीत 'बदमाष' लिहायची जुनी रीत आहे, 'ऐषआराम' लिहितो तसंच. ष आल्यानं शब्द संस्कृत होत नाही, तेवढं सांगा.

एक गंमत सांगतो आणि थांबतो. एका वकिलाचा मुनशी एका म्हाताऱ्याला घेऊन आला. हातात मुंतखबाची नक्कल, म्हणजे इनामाच्या चौकशीचा निकाल. मुनशीला उर्दू अर्धकच्ची. त्यानं बाहेरच म्हाताऱ्याला सांगून ठेवलेलं, "तुमच्या आजोबाला ह्यात बदमाश लिहिलंय." म्हातारा असा पेटलेला की बसायला तयार नाही. मी कागद घेतला. लिखाण शिकस्ता, म्हणजे पळतं, मोडकं अक्षर, त्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, देतच नाहीत. 'मदद' लिहायला मीम आणि दोन दाल. मीमचं डोकं शाईत बुडालेलं, आणि एक दाल बरोबर घडीच्या चिरेत गेलेला. राहिलं काय, तर एक दाताएवढं टोक आणि एक दाल. ते 'बद' वाचलं तर मुनशीचाही दोष नाही. कागद खिडकीशी धरला, भिंग लावलं, तर चिरेच्या खालच्या अंगाला दुसऱ्या दालचं वळण दिसलं, नखाच्या कडेइतकं. म्हाताऱ्याला बोट धरून दाखवलं. त्याला लिपी येत नव्हती, पण त्यानं दोनदा मोजलं: एक, दोन. मग बाकावर टेकला आणि पाणी मागितलं.

लातूरचा_गडी

काका, मेस बदलली. पुढचा प्रश्न: ते 'दस नंबरी' कुठून आलं मग? आमच्या गल्लीत एकाला सगळे दस नंबरी म्हणतात. त्याचा घर नंबर चौदा आहे.

जुनं_दप्तर

पोलीस ठाण्यात नजरेखाली ठेवायच्या माणसांचं रजिस्टर असतं. काही भागांत त्याचा नंबर दहा होता, त्यावरून ते म्हणतात. हेही दप्तरातूनच गल्लीत आलेलं. चारसो वीस पण तसंच, दंडविधानातलं फसवणुकीचं कलम. आता नव्या न्याय संहितेत ते ३१८ झालंय, पण "लई तीनशे अठरा माणूस आहे" असं कुणी म्हणेल असं वाटत नाही.

मास्तरीण_अंबाजोगाई

दप्तरकाका, सलाम. मी मराठी शिकवते, म्हणून थोडी भर घालते. दुधनाकाठ, तू म्हणतेस ते लाडाचं कोडं एकट्या बदमाशचं नाही. आपल्या घराघरांत खोडकर पोराला जे शब्द आहेत ते उलटे करून बघ, प्रत्येकाच्या पोटात कुणीतरी बंडखोर निघतो.

'इब्लिस' घे. आमच्या घरी, गल्लीत, शाळेत, सगळीकडं "इब्लिस कार्टं" चालतं. बायका तर कौतुकानं म्हणतात, "लई इब्लिस हाय गं माझं". इब्लिस म्हणजे कोण? कुराणातला सैतान. देवानं आदमला घडवलं आणि सगळ्यांना त्याच्यापुढं झुकायला सांगितलं. हा एकटा झुकला नाही. म्हणाला, मी आगीतून झालो, हा मातीतून. यापेक्षा मोठं बंड काय असणार? आणि तो आपल्याकडं आला तो शेंबडं पुसत, कडेवर बसून.

'व्रात्य' घे. हा तर अस्सल वैदिक. ज्यांची मुंज वेळेवर झाली नाही, जे संस्काराबाहेर राहिले, ते व्रात्य. मनुस्मृतीत त्यांना बाहेरचं ठरवलंय. त्यांना परत आत घ्यायला व्रात्यस्तोम नावाचा यज्ञ होता. आणि गंमत अशी की अथर्ववेदाचं आख्खं पंधरावं कांड व्रात्याची थोरवी गातं. म्हणजे एका ग्रंथात पूज्य, दुसऱ्यात बहिष्कृत, आणि माझ्या सहावी ब मध्ये शेवटच्या बाकावर.

मला विचारशील तर बाहेरचा माणूस धाकाचा राहिला नाही की त्याचं नाव पोराला पडतं. पण सगळ्या शब्दांचं तसं होत नाही. 'रझाकार' बघ. माझी आजी रागावली की थोरल्या भावाला म्हणायची, "रझाकार झालाय नुस्ता". त्यात कौतुक शून्य. ती हे म्हणाली की भाऊसुद्धा गप्प व्हायचा.

शब्द म्हणून तो किती सोज्वळ आहे! 'रझा' म्हणजे मर्जी, संमती. रझाकार म्हणजे स्वखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. आपण ऑफिसात मागतो ती रजा, कबूल असतो तो राजी, आणि देतो तो राजीनामा, सगळी ह्याच घरातली भावंडं. उर्दूत आजही स्वयंसेवकाला रझाकारच म्हणतात. पण हैदराबादेतल्या इत्तेहादुल मुस्लिमीन ह्या राजकीय पक्षाची सशस्त्र संघटना ह्या नावानं उभी राहिली, लातूरला वकिली करणारा कासीम रझवी तिचा म्होरक्या झाला, आणि १९४७-४८ मध्ये आपल्या गावोगावी जे झालं ते झालं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या (हीच पोलीस ॲक्शन), १७ ला निजाम शरण आला. त्यानंतर ह्या मुलखात तो शब्द स्वयंसेवक म्हणून कुणाच्या तोंडी बसणं शक्यच नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर साध्या मुसलमान कुटुंबांनीही फार भोगलं. त्यांच्या घरातली म्हातारी माणसंही हा शब्द हळूच उच्चारतात. माझ्या सोबतच्या एक उर्दूच्या बाई गॅदरिंगमध्ये 'स्वयंसेवक' असा मराठी शब्द मुद्दाम वापरतात. रझाकार म्हणत नाहीत.

बांगलादेशातही १९७१ पासून ही शिवीच आहे, पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्यांसाठी. मात्र २०२४ च्या जुलैत तिथं वेगळंच झालं. आरक्षणाविरुद्धच्या आंदोलनात पंतप्रधानांच्या बोलण्यातून पोरांना वाटलं की आपल्याला रझाकारांची नातवंडं म्हटलं, तर ढाक्याच्या विद्यार्थ्यांनी रात्रीत तीच घोषणा केली: तुम्ही कोण, आम्ही कोण, रझाकार रझाकार. शिवी अंगावर घेऊन तीच झेंड्यासारखी मिरवली. महिन्याभरात ते सरकार गेलं.

दुधनाकाठ

बाई, काका, किती लिहिलंत! मी हे सगळं आजोबांना फोनवर वाचून दाखवलं. मदद-ए-मआशपर्यंत नुसतं हूं हूं. मुंतखबातल्या म्हाताऱ्याचं आलं तेव्हा म्हणाले, "परत वाच." मग सांगितलं की त्यांच्या लहानपणी गावच्या पोलीस पाटलाकडं एक यादी असायची. जत्रेच्या आदल्या दिवशी त्यातल्या लोकांना चावडीवर बसवून ठेवायचे, जत्रा उठेपर्यंत. त्यात एक त्यांचा मित्र होता. काय केलं होतं त्यानं? तर काहीच नाही, साल धरून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर गडी म्हणून, राहायला नकार दिला होता आणि सावकाराच्या बैठकीत तोंड वर करून बोलला होता. यादीत नाव चढलं ते निघालं नाही.

चुलतभावाला लिंक पाठवलीय. त्यानं फक्त अंगठा दाखवला. बदमाश.

पालावरचा

बराच वेळ नुसतं वाचत होतो. लिहू का नको, करत लिहितो.

तुमच्याकडं हा शब्द अंगणात आलाय. आमच्याकडं अजून चावडीवरच आहे. आमच्या वस्तीत कुणी आपल्या लेकराला लाडानं बदमाश म्हणत नाही. द्वाड म्हणतील, वांड म्हणतील, इब्लिस पण म्हणतील. हा नाही.

आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होते, तारेच्या कुंपणात. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. १८७१ च्या कायद्यानं जातच्या जात गुन्हेगार ठरवली होती, जन्मलेलं लेकरू सुद्धा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आम्ही त्याला विमुक्त दिन म्हणतो. दप्तरकाका म्हणाले ना, "खातो कुठून"? त्या कायद्याच्या मुळाशी हेच होतं. ही माणसं एका जागी राहत नाहीत, शेत नाही, वतन नाही, मग खातात कुठून? आजोबा काय खात होते ते मी सांगतो. दोऱ्या वळायचे, टोपल्या विणायचे, रानातलं तितर-ससं पकडायचे. कष्टच होते. फक्त त्या कष्टाची पावती मिळत नव्हती.

आता आजचं. माझा मावसभाऊ भंगार गोळा करतो. दुचाकीला गाडा जोडलाय. सण जवळ आला की ठाण्यातून बोलावणं. मागच्या आठवड्यात नोटीस आलीय, चॅप्टर केस म्हणतात ती. चांगल्या वर्तणुकीचा बाँड का घेऊ नये, त्याचं कारण दाखवा. त्याच्यावर जुनी एक केस होती, तीही सुटलेली. ठाण्यात विचारतात काय, तर "धंदा काय करतोस?" भंगार म्हटलं की हसतात.

काका, तुम्ही कचेरीत होता. ह्याला करायचं काय असतं?

लातूरचा_गडी

भाऊ, मी उगं विनोद करत होतो वर. तुम्ही लिहिलं ते बरं केलं. आमच्या ओळखीत एक वकील आहेत, फी कमी घेतात. मेसेज करतो.

जुनं_दप्तर

पालावरचे, मी वकील नाही, पण तालुका दंडाधिकाऱ्यांसमोर अशा पेश्या, म्हणजे सुनावण्या, चालायच्या तेव्हा कितीतरी मिसली माझ्या हाताखालून गेल्या. माहितीये तेवढं सांगतो.

आधी शब्दाचंच सांगू द्या, कारण इथं तो नुसता शब्द राहत नाही. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०९ होतं. ज्याला उपजीविकेचं उघड साधन नाही किंवा जो स्वतःबद्दल पटेल असा खुलासा देऊ शकत नाही, त्याच्याकडून जामीन घ्यावा, असं त्यात होतं. हाच की बदमआश, इंग्रजीत लिहिलेला. त्याच्या पुढचं ११०, सराईत गुन्हेगारांचं. त्याला तर पोलीस आणि वकील इंग्रजीत सरळ 'बॅड लाइव्हलीहूड'च्या केसेस म्हणायचे. फारसी गेली, उर्दू गेली, शब्द भाषांतर होऊन कोर्टात बसला. १९७३ ची नवी संहिता आली तेव्हा १०९ मधला तो पोटापाण्याचा भाग काढून टाकला. म्हणजे कायद्यानं आज कुणाला नुसतं "खातो कुठून" म्हणून धरता येत नाही. ठाण्यातल्या हवालदाराची जीभ मात्र १८९८ वरच अडकलीय, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

११० राहिलं. जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे त्या १९७३ च्या संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम १२९ आहे. तुमच्या भावाची नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते पहिल्यांदा बघा. १२६ असेल तर ते शांतताभंगाचं, जुनं १०७, बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा. १२९ असेल तर तीन वर्षांपर्यंतचा मागू शकतात, म्हणून ते जास्त गांभीर्यानं घ्या. दोन्ही ठिकाणी कार्यकारी दंडाधिकाऱ्यानं लेखी आदेश काढावा लागतो, कलम १३० प्रमाणं, आणि त्यात पोलिसांकडून मिळालेल्या माहितीचा सारांश लिहावा लागतो. नुसतं "सराईत आहे" एवढ्या छापील ओळीवर भागत नाही. तो आदेश नसेल तर पहिल्याच पेशीला लेखी मागा. अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

मग चौकशी होते, कलम १३५. सहा महिन्यांत ती संपली नाही तर प्रकरण बंद होतं, दंडाधिकाऱ्यानं खास कारण लिहून मुदत वाढवली नाही तर. पुष्कळ लोक पहिल्या दिवशी घाबरून बाँड लिहून देतात, कारकूनच म्हणतो "सही कर अन् मोकळा हो". मोकळा होत नाही. पुढच्या नोटिशीत हाच बाँड मागचा पुरावा म्हणून लागतो. वकिलाशी बोलल्याशिवाय सही नको.

सुटलेल्या केसच्या निकालाची नक्कल काढा, साक्षांकित. ती कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते. भंगार ज्या दुकानात घालतो तिथल्या काट्याच्या चिठ्ठ्या असतील तर त्या, नसतील तर दुकानदाराचा लेखी जबाब. आधार, रेशनकार्ड, गाड्याचा कागद, लेकरं शाळेत असतील तर बोनाफाईड. कायद्यानं हे सगळं लागतंच असं नाही, पण समोर बसलेला अधिकारी माणूस असतो आणि टेबलावर कागदाचा गठ्ठा दिसला की त्याची बोलायची तऱ्हा बदलते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतर बऱ्याच जणांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तिथं अर्ज आजच करा.

पेशी कधी आहे?

पालावरचा

सोमवारी, अकराला. नोटिशीवर १२९ च आहे, आत्ता बघितलं. सोबत दुसरा कागद काहीच नाही, एकच पान. लातूरकर भाऊंनी वकिलांचा नंबर दिलाय, उद्या सकाळी जातोय. चिठ्ठ्या मावसभावाच्या बायकोनं पिठाच्या डब्यात ठेवल्यात म्हणे, दोन वर्षांच्या.

जुनं_दप्तर

मूळ चिठ्ठ्या कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ नुसत्या दाखवा. त्या काट्याच्या चिठ्ठ्यांची शाई उडते, म्हणून आजच्या आज झेरॉक्स काढून ठेवा.